किरकिरीचा जबाब

दादाला जाऊन तीन दिवस झाले होते आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भेटायला आलेली माणसं पलंगावर होती, खिडकीच्या कठड्यावर होती, जिन्याच्या पायऱ्यांवर होती. कोणीतरी दादाच्या उशीला टेकून बसलं होतं. किरकिरीने ती उशी दोनदा उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली, आणि दोन्ही वेळा कोणीतरी "पाठीला काही दे गं" म्हणत ती परत मागून घेतली.

"रडून घे पोरी, मोकळी हो," जो तो सांगत होता.

तिला रडू येत नव्हतं. तिला कपांचा राग येत होता. मोरीत कपांचा ढीग पडायचा, ती विसळून पालथे घालायची, तोवर बाहेरून दुसरा ढीग यायचा. एवढा चहा पिऊन या लोकांना झोप तरी कशी लागते, असं तिला वाटे. भाऊ तिचा गेला होता आणि चहा गोड झाला की अगोड, हे लोक तिला सांगत होते.

किरकिरी हे नाव दादानेच ठेवलेलं. लहानपणी ती प्रत्येक गोष्टीत खोट काढायची. भात गिच्च झालाय, चादर तिरकी आहे, तू पाच म्हणालास आणि सहा झाले. "सारखी किरकिर, सारखी किरकिर," म्हणत त्याने ते नाव चिकटवलं आणि सोळा वर्षांची झाली तरी ते सुटलं नाही. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं.

घराच्या खालीच त्यांचं काचेचं दुकान होतं. बाबा, काका आणि दादा काच कापायचे. खिडक्यांची तावदानं, आरसे, टेबलावरच्या काचा. शाळा सुटली की किरकिरी मापं लिहून घ्यायची आणि हल्ली लहान काचा स्वतः कापायचीही. काच कापायच्या हिरकणीने रेघ मारायची, खाली पट्टी सरकवायची, अंगठ्याने हलकं दाबायचं, की काच टच्च म्हणून तुटते. जोर लावला की वाया. काकांना हे वीस वर्षांत जमलं नव्हतं, ते जोर लावायचे.

समोर, रस्ता ओलांडला की फ्रेमवाल्यांचं दुकान. तिथे दोन भाऊ लाकडाच्या फ्रेमी करायचे. थोरला तिशीतला, बायको आणि एक लहान मुलगी असलेला. धाकटा अठरा वर्षांचा. दोन्ही दुकानांचं गिऱ्हाईक एकच. तिकडे फ्रेम करायची आणि ती छातीशी धरून इकडे काच बसवायला आणायची. आणि दोन्ही घरांचं एकमेकांशी अकरा वर्षं वैर. एखाद्या फ्रेमचं माप चुकलं तर निरोप गिऱ्हाइकानेच न्यायचा. "अहो, तुम्ही समोरासमोर तर आहात, हाक मारा ना," असं म्हणून माणसं वैतागायची.

भांडण कशावरून सुरू झालं हे किरकिरीने एकदा नीट विचारलं होतं. बाबा म्हणाले, त्यांच्या शिडीने आपला आरसा फुटला. काका म्हणाले, त्यांनी आपलं मोठं गिऱ्हाईक पळवलं. आई म्हणाली, सांडपाण्याच्या पाइपावरून. "नक्की एक काहीतरी ठरवा," किरकिरी म्हणाली होती, "निदान कारण तरी एक असू दे." त्यावर सगळ्यांनी मिळून तिलाच गप्प केलं होतं.

मग दोन वर्षांपूर्वी दुकानाबाहेर ठेवलेल्या सहा मोठ्या काचा फुटलेल्या सापडल्या. काकांनी चौकशी वगैरे केली नाही. ते दादाला घेऊन लाकडाच्या वखारीमागे गेले, थोरल्याला गाठलं आणि त्याचा गुडघा फोडला. तेव्हापासून थोरला लंगडत चाले. महिन्याभराने कळलं, की काचा टेम्पोवाल्याने गाडी मागे घेताना फोडल्या होत्या. काका म्हणाले, "असू दे. त्याने दुसरं काहीतरी केलंच असेल."

आणि आता हे.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी साडेअकराला माल आला. टेम्पो नेहमीसारखा आडवा, फ्रेमवाल्यांच्या दारासमोर. धाकटा बाहेर आला. म्हणाला, "गाडी पुढे घ्या, माझं गिऱ्हाईक आत अडकलंय."

"पाच मिनिटं थांब," दादा म्हणाला.

"तुमची पाच मिनिटं मला माहीत आहेत."

दादाच्या हातात लाकडी पेटी उघडायची पहार होती. तो टेम्पोतून खाली उतरला. आणखी काय बोलणं झालं ते किरकिरीला ऐकू आलं नाही; ती आत टेबलापाशी होती, दहा पावलांवर. दादाने पहार उचलून धाकट्याच्या खांद्यावर मारली, हे तिने पाहिलं. धाकटा खाली बसला. दादाने पुन्हा पहार उचलली. तेव्हा धाकट्याने खिशातून पटाशी काढली, लाकूड तासायची, बोटभर रुंदीची, आणि बसल्या जागेवरून वर खुपसली. एकदाच. आतून थोरला लंगडत, दाराला धडकत बाहेर आला. "सोड! सोड त्याला!" असं तो ओरडत होता. भावाला ढकलून तो दादाजवळ बसला, अंगावरचा सरसाने बरबटलेला एप्रन काढून त्याने दादाच्या बरगडीखाली दाबून धरला, आणि किरकिरी पोचली तेव्हा तिला म्हणाला, "इथे दाब. जोरात दाब. मी गाडी बघतो."

तिने दाबलं. दवाखाना येईपर्यंत दाबून धरलं. उपयोग झाला नाही.

काका तेव्हा दुसऱ्या टोकाला एका घरी खिडक्या बसवत होते. ते तासाभराने आले. तरी काय झालं हे सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत होतं.

धाकटा त्याच दिवशी स्वतःहून पोलिसांत गेला. टेम्पोवाला म्हणाला, मी गाडीत बसून बिडी ओढत होतो, मी काही पाहिलं नाही. गिऱ्हाईक आतल्या खोलीत होतं. म्हणजे पाहणारी एकटी किरकिरी. ती अल्पवयीन, त्यात घरात हे असं. म्हणून पोलिसांनी तिच्या जबाबासाठी पाचवा दिवस दिला.

तिसऱ्या दिवशी माणसं पांगल्यावर काका तिला आतल्या खोलीत घेऊन बसले.

"हे बघ. थोरला बाहेर आला आणि ओरडला, मार त्याला. तू ऐकलंस."

"तो 'सोड' म्हणाला."

"एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"दोन्ही शब्द दोनच अक्षरांचे आहेत काका, म्हणून काय अदलाबदल करता येते?"

"तुझी किरकिर नको आत्ता. तो ओरडला म्हणून धाकट्याने मारलं. म्हणजे दोघंही आत. आणि दादाच्या हातात काही नव्हतं."

"पहार होती."

"पेटी उघडायला!"

"पेटी अजून बंदच आहे. खाली जाऊन बघा."

काकांनी हात उगारला आणि मग त्याच हाताने स्वतःचं तोंड झाकलं. ते रडायला लागले. किरकिरीला त्याचाही राग आला, कारण आता तिला त्यांच्यावर धड चिडताही येईना. दादाला सायकल काकांनी शिकवली होती. दादाचा पहिला पूर्ण बाह्यांचा शर्ट काकांनी आणला होता.

"मी त्याच दिवशी गेलो असतो समोर," काका म्हणाले. "तुझ्या बापाने कंबरेला मिठी मारली म्हणून थांबलो. मला निदान एवढं तरी दे. नाही दिलंस, तर मग मी माझ्या पद्धतीने बघतो."

तिने आईकडे पाहिलं. आई दारात उभी होती. तीन दिवसांत ती चार वाक्यं बोलली असेल. तिने पाचवं उच्चारलं, "मला दोघंही आत हवेत."

बाबा बाहेर बसले होते. किरकिरी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तुम्ही सांगा ना काहीतरी."

"तुला जे दिसलं..." बाबा म्हणाले आणि थांबले. ते एरवीही वाक्यं अर्धीच सोडायचे. गिऱ्हाइकांना सवय होती. पण त्या वेळी तिला त्यांना गदागदा हलवून उरलेलं अर्धं वाक्य बाहेर काढावंसं वाटलं.

आता हे सांगितलंच पाहिजे, की किरकिरी काही संतीण नव्हती. तिलाही दोघं आत हवे होते. खरं तर तिला त्याहून वाईट हवं होतं. समोरच्या घरातही उशी उरावी आणि डोकं नसावं, तिथेही लोकांनी येऊन चहा ढोसावा, असं तिला वाटत होतं. थोरल्याने एप्रन दाबला होता हे तिला आठवायचं आणि त्याचीही चीड यायची. मारायचंही तुम्हीच, वाचवायलाही तुम्हीच धावायचं. आमच्यासाठी नीट द्वेषसुद्धा ठेवला नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी ती काकांना म्हणाली, "ठीक आहे. सांगते 'मार' म्हणाला म्हणून."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आईने तीन दिवसांत पहिल्यांदा जेवायला ताट घेतलं.

दुपारी किरकिरीने मोरीत कप विसळता विसळता सराव केला. थोरला बाहेर आला. तो ओरडला, मार त्याला. दादाच्या हातात काही नव्हतं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिला जाणवलं, की आपल्याला हे फारच सहज जमतंय. आवाज कापत नाही, नजर हलत नाही. तिला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं. आणि मग लक्षात आलं, की हे काही पहिल्यांदा नाही.

दोन वर्षांपूर्वी, वखारीमागे, ती होती तिथे. शाळा लवकर सुटली होती आणि आईने तिला वखारीकडे गेलेल्या दादाला जेवायला बोलवायला पाठवलं होतं. लाकडाच्या थप्पीआडून तिने सगळं पाहिलं. काकांनी थोरल्याला धरलेलं. दादाने मारलेलं. गुडघ्याचा आवाजही तिने ऐकला होता. मग पोलीस आले तेव्हा काका म्हणाले होते, "तू शाळेत होतीस," आणि ती म्हणाली होती, "मी शाळेत होते." त्या दिवशी शाळा कधी सुटली, हे कोणी विचारलं नाही. थोरल्याखेरीज साक्षीदार नाही म्हणून ते प्रकरण मिटलं. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दादाने तिला नवं दप्तर आणून दिलं.

पण एकाने पाहिलं होतं तिला. धाकटा त्याच शाळेत होता, दोन इयत्ता पुढे. चार दिवसांनी शाळेच्या नळापाशी त्याने तिला गाठलं.

"तू होतीस ना तिथे? पळताना पाहिलं मी तुला."

"मला नको विचारूस."

"मग कोणाला विचारू?"

तिने बाटली भरून घेतली आणि निघून गेली. पुढच्या महिन्यापासून धाकटा शाळेत यायचा बंद झाला. भावाला उभं राहता येत नव्हतं, त्यामुळे दुकान तोच बघू लागला. आणि तेव्हापासून तो खिशात पटाशी घेऊन फिरतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे हसायचे त्याला.

किरकिरीच्या हातातला कप निसटून फुटला. आई बाहेरून म्हणाली, "काय फुटलं?" ती म्हणाली, "काही नाही." हेही खोटंच.

तेव्हा खरं बोलले असते तर, तिने हिशेब मांडला, दादा आणि काका सहा-आठ महिने आत गेले असते. घरात कोणी माझ्याशी बोललं नसतं. दादाने तर जन्मभर नाव टाकलं असतं. पण तो आत बसून मला शिव्या देत जिवंत असता. आणि बाहेर आल्यावरही दिल्या असत्या. रोज दिल्या असत्या तरी चाललं असतं.

हा विचार एकदा आला आणि मग जाईचना. डोळ्यांत काचेचा कण गेल्यासारखा. वर आणि पुढचंही दिसायला लागलं. थोरला एका खोट्या शब्दासाठी दहा वर्षं आत जाईल. त्याची मुलगी, सहा-सात वर्षांची, दुकानाच्या पायरीवर बसून पाढे लिहीत असते, ती मोठी होईल. तिला कोणीतरी सांगेलच, की समोरची ती चष्मेवाली किरकिरी खोटं बोलली. मग तीही काहीतरी खिशात ठेवेल. मग पुन्हा कोणीतरी जाईल, पुन्हा लोक येतील, पुन्हा कप. कंटाळा कसा येत नाही या लोकांना? किरकिरीला खरोखर, मनापासून, हाडापर्यंत कंटाळा आला.

तरी तिचं ठरलं नव्हतं. पाचव्या दिवशी चौकीच्या पायऱ्या चढतानाही ठरलं नव्हतं. काका बाहेरच्या बाकावर बसले. बाबा पालक म्हणून आत आले.

जबाब घेणाऱ्या अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. त्या दोन बोटांनी टाइप करायच्या आणि दर दोन ओळींनी शिंकायच्या. नाव, वय, इयत्ता, कुठे उभी होतीस, किती वाजले होते. किरकिरी एकेक सांगत गेली.

"मग मोठा भाऊ बाहेर आला. तो काही बोलला?"

"हो."

"काय?"

'मार' तिच्या जिभेवर तयार होता. अगदी घासूनपुसून ठेवलेला. बाबा खाली फरशीकडे बघत होते. बाई पुन्हा शिंकल्या आणि म्हणाल्या, "बोल, बोल, मी ऐकतेय."

"सोड," किरकिरी म्हणाली. "सोड म्हणाला. दोनदा."

"नक्की?"

"नक्की. आणि पहिल्यांदा दादाने मारलं. पहारीने. दुसऱ्यांदाही मारणार होता."

बाबांनी डोळे मिटले. बाईंनी टाइप केलं. मशीनचा आवाज थांबल्यावर किरकिरी म्हणाली, "अजून एक लिहून घ्या. दोन वर्षांपूर्वीचं. वखारीमागचं."

"ते प्रकरण वेगळं आहे गं. त्याचा इथे संबंध नाही."

"वेगळं नाहीये हो!" किरकिरी एवढ्या जोरात ओरडली, की बाहेरचा शिपाई डोकावला. "तेच आहे! एकच आहे ते! तुम्ही कागद वेगळे केलेत म्हणून ते वेगळं होत नाही! मी तेव्हा खोटं बोलले. मी शाळेत नव्हते. लिहा ना!"

बाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांना उठून ते सगळं थांबवता आलं असतं. आपल्या सख्ख्या भावाचं नाव येणार होतं त्यात.

"ती शाळेत नव्हती," बाबा म्हणाले. "हे मला तेव्हाही माहीत होतं. माझंही लिहून घ्या." आणि हे वाक्य त्यांनी पुरं केलं.

बाहेर आल्यावर काकांना विचारावं लागलं नाही. बाबांच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं.

"तू माझ्या पोराला दुसऱ्यांदा मारलंस," ते तिला म्हणाले. दादा त्यांचा पुतण्या होता, पण ते 'पोर' म्हणाले.

"दुसऱ्यांदा नाही काका," किरकिरी म्हणाली. "जे काही केलं ते मी तेव्हाच केलं. तुम्ही आणि मी, दोघांनी मिळून. आता तुम्हाला समोर जायचं असेल तर जा. मी तेही पाहीन आणि तेही सांगेन. मी आता थांबणार नाहीये."

काका बाकावर बसून राहिले. बाबा त्यांच्या शेजारी बसले. दोघं भाऊ बराच वेळ तसेच बसले होते आणि किरकिरी ऊन लागत असूनही रस्त्याच्या कडेला उभी होती. काका समोर गेले नाहीत. भीतीने की शहाणपणाने की नुसतेच दमून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढे खटला चालला. धाकट्याला सात वर्षांची शिक्षा झाली. थोरल्यावर काही आलं नाही. जुनं प्रकरण पुन्हा उघडलं आणि काकांना आठ महिने झाले.

निकालानंतर थोरल्याची बायको रस्ता ओलांडून आली. अकरा वर्षांत त्या घरातलं कोणी दुकानाची पायरी चढलं नव्हतं. "तुझे उपकार..." तिने सुरुवात केली.

"उपकार नाहीत," किरकिरी म्हणाली. "तुमच्या दिराने माझा भाऊ मारला. सात वर्षं मला कमी वाटतात. मी तुमच्यासाठी काही केलेलं नाही. जा तुम्ही."

ती गेली. किरकिरीला वाईट वाटलं, मग वाईट वाटल्याचा राग आला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच रस्ता ओलांडून गेली. थोरला रंधा मारत होता. "आमचा माल सकाळी दहाच्या आत उतरेल," ती म्हणाली. "दहानंतर तुमचं दार मोकळं. टेम्पोवाल्याला मी सांगितलंय."

"बरं," थोरला म्हणाला.

एवढंच. त्याला कोणी समेट म्हणेल तर म्हणू दे. एवढ्याशा गोष्टीला अकरा वर्षं लागली, हे आठवलं की तिच्या कपाळाची शीर उडायची.

आईचं मात्र अवघड होतं. जबाबाच्या दिवसापासून आई तिच्याशी बोलत नव्हती. किरकिरी समोर उभी असताना ती बाबांना म्हणायची, "तिला सांगा, जेवण झाकून ठेवलंय." आणि बाबा खरोखर वळून सांगायचे, "जेवण झाकून ठेवलंय." किरकिरी म्हणायची, "ऐकलं मी, बहिरी नाहीये." खटला संपून महिने उलटले तरी हेच चालू होतं.

मग दादाचा फोन बंद करायचा राहिलाय हे निघालं. त्या कंपनीच्या कचेरीत किरकिरी दोनदा जाऊन आली. एकदा मृत्यूचा दाखला हवा म्हणाले, एकदा वारसाला घेऊन या म्हणाले. तिसऱ्यांदा ती आईला घेऊन गेली. दोघी रांगेत अवाक्षर न बोलता दीड तास उभ्या राहिल्या.

खिडकीतल्या कारकुनाने कागद चाळले. "हे सगळं ठीक आहे. पण बंद करायच्या अर्जावर ग्राहकाची सही लागते. त्यांना स्वतः यावं लागेल."

"कोणाला?" किरकिरी म्हणाली.

"ज्यांचा फोन आहे त्यांना."

"दाखला वाचलात ना तुम्ही?"

"वाचला हो. पण नियम आहे. पाच मिनिटांचं काम आहे, येऊन जाऊ दे त्यांना."

"तो मेलाय!" किरकिरी म्हणाली. हा शब्द तिने तोवर एकदाही वापरला नव्हता. लोक 'गेला' म्हणायचे, तीही 'गेला' म्हणायची. "मेलाय तो! माझ्या हाताखाली मेला! कसा येईल?" आणि एवढ्या महिन्यांचं न आलेलं रडू त्या खिडकीसमोर, सगळ्या रांगेदेखत, तिला असं आलं की तिला उभं राहता येईना. ती काउंटरवर डोकं टेकून रडत राहिली.

आईने तिच्या हाताखालून कागद ओढून घेतला. "पेन द्या," ती कारकुनाला म्हणाली. "मी त्याची आई आहे, ही त्याची बहीण आहे. आम्ही दोघी आलोय. याहून जास्त आमच्याकडे कोणी नाही. कुठे सही करू?"

कारकुनाने बोट दाखवलं आणि शिक्का मारला.

बाहेर पायऱ्यांवर आई थांबली. किरकिरीचा चष्मा काढून तिने स्वतःच्या हातात घेतला.

"नाक पूस आधी. सगळं तोंड बरबटलंय."

"रुमाल नाहीये."

"कधी असतो तुझ्याकडे?" आई म्हणाली, आणि आपल्या बाहीने तिचं तोंड पुसायला लागली, चांगलं खसाखसा, गाल दुखेपर्यंत.